वाटीबाबांची कवटी

त्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास, साधारण ऐंशी माणसांच्या साक्षीनं, वाटीबाबांची कवटी फुटलेली असल्याचं सिद्ध झालं.

मात्र असं काही घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं. भक्तमंडळाचा तसा ठराव झालेला आहे, आणि ठरावापुढे घटनेचं काय चालणार?

तर काहीही घडलं नव्हतं तेव्हा सोसायटीचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. हॉलच्या भिंतींना खालून अर्ध्यापर्यंत पांढऱ्या फरश्या होत्या, त्यामुळे तो थोडा स्वयंपाकघरासारखा दिसे आणि सगळे कार्यक्रम धुऊन काढता येण्यासारखे वाटत. मधोमध गादीवर वाटीबाबा. डोकं असं गुळगुळीत की ट्यूबलाइट त्यात सरळ दिसे. समोर जाड मेणबत्ती आणि पितळेची एक वाटी.

"गुडघ्यात काय असते?" बाबांनी विचारलं.

"वाटी!" हॉल ओरडला.

"डॉक्टर काय म्हणतात, काय फुटली?"

"वाटी!"

"मग वाटीवर औषध काय?"

मागून कोणीतरी चाचरत म्हणालं, "चमचा?"

"वाटी!" बाबा गरजले. "वाटीला वाटीच ओळखते. आत फुटकी वाटी असेल तर ही तिला घट्ट धरते. धड अंगाला ही शिवतसुद्धा नाही."

हॉल हळहळला. इतकी सोपी गोष्ट वैद्यकशास्त्राच्या लक्षात कशी आली नाही, याचं प्रत्येकाला वाईट वाटलं.

पहिल्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या काकू बसल्या होत्या. त्यांचा डावा पाय पट्ट्यात बांधून समोरच्या स्टुलावर ठेवलेला आणि उजवा पाय जमिनीवर मशीन चालवत होता. मशीन घरी होती; पण पंचवीस वर्षं चालवलेला पाय, तो असा एका जागी गप्प बसणार थोडाच. बसमध्ये, दवाखान्यात, झोपेतसुद्धा त्याचं टकटक चालूच.

पाच आठवड्यांपूर्वी काकू दुकानाच्या पायरीवरून गुडघ्यावर आपटल्या. वाटीचे आडवे दोन तुकडे झाले. सर्जननं दोन पिना उभ्या घातल्या, त्यांच्याभोवती पुढून आठच्या आकड्यात तार फिरवून पीळ दिला आणि दोन आठवड्यांनी सांगितलं, आता वाकवायला लागा. वाकवायला शिकवायची दवाखान्यातली व्यायामवाली मुलगी. ती रोज यायची, कोन मोजायची. चाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस.

मग काकूंनीच बंद केलं. वाकवताना आत काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांपुढे तुटणारी तार यायची. त्यात नणंदेनं बाबांची आज्ञा आणली होती, 'वाटी वाकवायची नसते. वाकली की गळते.' काकूंनी बारा दिवस पाय काठीसारखा सरळ ठेवला.

काल सर्जन म्हणाला, "पंचेचाळीसवरच अडकलाय. दहा दिवसांत हलला नाही, तर भूल देऊन मोकळा करावा लागेल. मशीनखाली पाय घालायचाय ना तुम्हाला?"

घालायचाच होता. बारा दिवस काकू मशीनशेजारी आडव्या बसून उजव्या पायानं पायडल दाबत होत्या आणि सगळ्या शिवणी तिरक्या जात होत्या. परवा एका गिऱ्हाइकानं ब्लाउज परत आणला. बाह्या दोन्ही डाव्याच लागल्या होत्या.

"वन्सं, मला आतून भीती वाटतेय हो," काकू कुजबुजल्या.

"गप बसा वहिनी. मी सगळं सांगून ठेवलंय. कुठला गुडघा तेसुद्धा." आणि नणंदेनं समोरून, बाबांच्या बाजूनं पाहून, स्वतःच्या डाव्या हाताला पडणारा गुडघा दाखवला होता. समोरच्या माणसाचा डावा आपल्या उजवीकडे असतो, हे तिच्या आजवर ध्यानात आलेलं नव्हतं. आरशासमोर ती अजूनही भांग चुकीच्या बाजूला शोधते.

"लेकी, ये!" बाबांनी हाक मारली.

बाबा डोळे मिटून पुटपुटत होते तोवर नणंदेनं काकूंना खुर्चीवर बसवलं, पट्टा सोडला, दोन्ही पाय स्टुलावर घेतले, वर काळी शाल. कारण बाबांच्या मते फुटक्या वाटीला उजेडाची लाज वाटते. बाबांनी पितळेची वाटी मेणबत्तीवर उपडी धरली. "शुद्ध होतेय," ते म्हणाले. मग झटकन हात शालीखाली गेला. बाबांच्या डाव्या हाताला पडणारा गुडघा थरथरत होता. त्याची टकटक शालीखालीही थांबेना.

"बघा, वाटी जागी होतेय!" बाबा म्हणाले आणि शाल ओढली.

वाटी गुडघ्यावर घट्ट बसली होती. बाबांनी दोन बोटांनी ओढून दाखवली. कातडी उचलली गेली, वाटी सुटेना. टाळ्यांनी फरश्या थरथरल्या.

आणि मग बाबांनी जरा वाकून पाहिलं. वाटीच्या आजूबाजूला कुठेच टाके नव्हते. तो गुडघा कोणीही कधीही उघडलेला नव्हता. दुसरा कोणी असता तर इथे गडबडला असता. बाबा गडबडले नाहीत.

"अहाहा!" त्यांनी हात वर केले. "व्रणसुद्धा गेला!"

हॉल उठून उभा राहिला. नणंद रडायला लागली. एका आजोबांनी तिथल्या तिथे आपली काठी सोडली आणि लगेच पुन्हा उचलली, कारण ते पडत होते.

काकूंनी खाली पाहिलं. उजव्या गुडघ्यावर वाटी. डाव्या गुडघ्यावर वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ. पंचवीस वर्षांत त्यांनी हजारो शिवणी पाहिल्या होत्या. आपली स्वतःची ओळखायला त्यांना किती वेळ लागणार.

"बाबा, व्रण इकडेय."

"काय?"

"हा. डावा. हा फुटलाय. तुम्ही वाटी लावलीय तो धड आहे."

"शक्ती या गुडघ्यातून त्या गुडघ्यात झिरपते," बाबा म्हणाले.

"मघाशी म्हणालात, धड अंगाला ही शिवत नाही."

हॉलमध्ये असा आवाज झाला जसा ऐंशी माणसांनी एकदम डावं-उजवं आठवायचा प्रयत्न केल्यावर होतो.

मागच्या दारातून व्यायामवाली मुलगी पुढे आली. काकू घरी न सापडल्यामुळे ती शोधत आली होती, हातात कोन मोजायची पट्टी. तिनं वाटी एका कडेशी बोटानं दाबली. फस्स करून वारा आत गेला आणि वाटी हातात आली.

"कोणी काही आणलंय का? गुळगुळीत?"

एका बाईंच्या पिशवीत कलिंगड होतं. मुलीनं वाटी मेणबत्तीवर धरली, कलिंगडावर दाबली, मनातल्या मनात दहा अंक मोजले आणि वाटी धरून अख्खं कलिंगड वर उचललं.

"कलिंगडाचा गुडघा मोडलाय," कोणीतरी गंभीरपणे म्हणालं.

"हे हूक आहे!" मागून प्लंबर ओरडला. "फरशीला रबरी वाटीनं चिकटवायचं हूक! अहो, या बाबांकडूनच घेतलं होतं मी, दोन वर्षांपूर्वी, दारावर आले होते तेव्हा. दुसऱ्या दिवशी पडलं ते!"

बाबांचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. "फळाला जीव नसतो, ते काहीही धरतं! जिवंत धड अंगाला चिकटवून दाखव. हे घे, माझं डोकं! फुटकं नाही, चिकटणार नाही!" आणि त्यांनी खरोखरच डोकं पुढे केलं.

मुलीनं वाटी कोमट केली, काठ भाजत नाही हे स्वतःच्या मनगटावर पाहिलं आणि डोक्यावर ठेवली.

ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नाहीसं झालं. बाबांनी वाटी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. भुवया वर गेल्या, वाटी जागच्या जागी.

भक्तमंडळाचे अध्यक्ष कापऱ्या आवाजात म्हणाले, "बाबा... तुमची कवटी फुटलीय!"

"कोणीतरी रिक्षा बोलवा!" नणंद किंचाळली. चार भक्तांनी बाबांना उचललं, आणि "सोडा रे, नुसती हवा आहे ती! हवा!" असं ओरडत वाटीबाबा जिन्यावरून एक्स-रे काढायला रवाना झाले.

आपल्या विद्येचा खुलासा त्यांनी स्वतःच केला, तो इथे फक्त पुरा करू. ज्योतीवर वाटीतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर पडते. अंगावर टेकल्यावर उरलेली हवा निवते, आकसते, आत दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा वाटीला दाबून धरते. हाड जुळलंय की मोडलंय, हे हवेला ठाऊक नसतं.

हॉल रिकामा झाला. काकू बसूनच होत्या.

"आणि माझी तार? वाकवली की तुटेल ना?"

मुलीनं काकूंच्या पिशवीतल्या शिवणाच्या डब्यातलं एक मोठं बटण घेतलं, काडकन मोडलं, दोन तुकडे पुढच्या बाजूनं आठच्या आकड्यात दोऱ्यानं बांधले. "आता मागच्या अंगाला वाकवा."

काकूंनी वाकवलं. पुढची फट उघडू पाहत होती, टाका उघडू देत नव्हता. आणि मागच्या कडा एकमेकींवर घट्ट दाबल्या जात होत्या.

"म्हणजे वाकवल्यानंच..."

"वाकवल्यानंच जुळतं. बेतानं, रोज, मी सांगेन तेवढंच."

काकूंनी बटण दोनदा, पाचदा वाकवून पाहिलं. मग डावी टाच स्टुलावरून हळूच मागे घेतली. डोळ्यांत पाणी आलं. मुलीनं पट्टी लावली. सेहेचाळीस. उजवा पाय टकटक करत वाट पाहत होता.

नऊ दिवसांनी, एक्क्याण्णववर, डावा पाय मशीनखाली गेला. पहिली शिवण सरळ आली. मग काकूंनी कागद घेतला आणि लिहिलं:

'प्रति, माननीय चमत्कार नियंत्रण अधिकारी (असल्यास). विषय: वाटीबाबत. महोदय, सविनय विनंती की, एक, हाडाला भांड्याचं नाव ठेवण्याची पद्धत भाषेतून ताबडतोब बंद करावी. दोन, यापुढे प्रत्येक चमत्कार आधी शाबूत गुडघ्यावर, मग कलिंगडावर आणि शेवटी करणाऱ्याच्या डोक्यावर करून पाहणं सक्तीचं करावं. तिन्हीकडे सारखाच झाल्यास त्याची नोंद हवा या सदरात घ्यावी. तीन, समोरच्याचा डावा कुठला, हे आमच्या वन्संना शासकीय खर्चानं शिकवावं. निर्णय होईपर्यंत नागरिकांनी स्वतःच करून पाहावं आणि विचारत राहावं, असं सुचवते. अर्जदार तोवर पाय वाकवत आहे. कळावे.'