मापात बसलेलं झुडूप

शेवटची फांदी कापून सासरेबुवांनी कात्री खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. कुंपणाजवळचं ते ढगळ झुडूप आता कसं अंगाबरहुकूम बसलं होतं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला ढगळ काही बघवत नाही, त्याला ते तरी काय करणार!

महिनाभरासाठी म्हणून ते मुलाकडे आले होते, आणि महिना उद्या भरत होता. अजून राहा असं कोणी म्हटलं नव्हतं. आपणहून विचारायला जीभ रेटत नव्हती. निदान जाता जाता सुनेच्या उपयोगी पडावं, एवढाच त्यांचा बेत.

सून कामावरून आली ती फाटकातच थबकली.

"बाबा, फळं कुठायत?"

"कसली फळं?" सासरेबुवांनी चष्मा नाकावर सारखा केला.

तिने खाली बोट दाखवलं. कापलेल्या फांद्यांवर, पानांच्या आड, लाल होऊ लागलेल्या बारीक फळांचे घोस होते. उन्हाळा सरताना फुलं संपतात, मग बागेची अब्रू राखतात ती पानं आणि फळंच, हे तिने जेवताना तीनदा सांगितलं होतं. उद्या बागमंडळाच्या बायका बाग बघायला येणार होत्या. सासरेबुवांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

ती तशीच घरात निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्यांना वाटलं. त्यांनी फांद्या गोळा करून बादलीभर पाण्यात ठेवल्या.

सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली, तर सासरेबुवा गुडघ्यांवर बसून पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत मातीत पुरत होते. फळांची फांदी त्यांनी हिरव्या पानांत खोचून पाहिली, मग काळपट जांभळ्या पानांत, शेवटी चंदेरी पानांच्या झुडपात. रंगाला रंग लावून बघणं हा तर त्यांच्या हातचा मळ.

"हिरव्यात नुसती बुडत होती गं. इथं बघ."

ती बघत राहिली. चंदेरी पानांवर लाल घोस नुसते पेटले होते.

"चार वर्षं मी चुकीच्या जागी वाढवली की हो!" आणि ती खळखळून हसली. सासरेबुवांच्या जिवात जीव आला.

बायका आल्या, हरखल्या. अध्यक्षबाईंनी वाकून एक फांदी जवळ ओढली आणि बाटलीच हातात आली. सगळ्या त्या बाटलीकडे बघू लागल्या.

"आमच्या बाबांची कल्पना," सून ठसक्यात म्हणाली. त्यावर जो हशा पिकला, त्यात अध्यक्षबाईंचा आवाज सगळ्यात मोठा.

पाहुण्या गेल्यावर सुनेने फळझुडपाचं एक नवं रोप आणलं आणि चंदेरी पानांशेजारी कुदळ टेकवली.

"इथंच लावू ना? फळं धरायला तीन वर्षं लागतात मात्र. छाटायचं कधी, ते मी सांगीन. छाटायचं तुम्ही."

सासरेबुवांनी तिच्या हातातली कुदळ घेतली. मग म्हणाले,

"तीन वर्षं? मग चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा."