डावीकडून तिसरं दार

"डेल, ते दार माझ्या पायावर पाडलंस तर दहा वाजताची कॉफी विसर," आयली निएमी खुर्चीतूनच म्हणाली.

"पाडतोय कशाला! कॉफीसाठी मी माझा पाय मध्ये घालीन, मिसेस निएमी."

डेल पन्नाशी उलटलेला माणूस. पण आयलीच्या लेखी तो अजून शाळेतला, गाजरं बाजूला काढून ठेवणारा डेलच होता. डुलुथ गावच्या शाळेचं स्वयंपाकघर तिने तीस वर्षं चालवलं. निम्मं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालं होतं, त्यामुळे गावात कुणालाही दटावायचा हक्क आपल्याला आहे असं ती धरून चालायची, आणि गावही तसंच धरून चालायचं.

डेल स्वयंपाकघरातल्या कपाटांची जुनी दारं उतरवत होता. कपाटांचे सांगाडे भिंतीवर होते तिथेच राहणार, त्यांच्या कडांना बर्च लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि वर नवी दारं बसवायची, एवढंच काम. त्यावरून आयलीचं आणि तिच्या मुलीचं महिनाभर वाजलं होतं.

कार्ला मिनियापोलिसला राहायची. ती येताना अख्ख्या नव्या स्वयंपाकघराचे नकाशे घेऊन आली होती. मधली भिंत पाडायची, कपाटं समोरच्या बाजूला न्यायची, मधोमध मोठा ओटा.

"अगं आई, सगळंच बदलून टाकू ना! नुसती दारं बदलून काय होणार? वरवरची रंगरंगोटी!"

"रंगरंगोटीच हवीय मला. माझी भिंत उभी राहू दे. ती काय तुझ्या ताटातलं खाते का?"

"तू ना, हट्टी आहेस नुसती."

"तुझ्या बापानेही हेच सांगितलं होतं. चाळीस वर्षं सांगत होता बिचारा."

कार्लाला वाटलं, म्हातारी चिकट आहे. आयलीने तसं वाटू दिलं. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपासून तिच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग बसला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. 'हे परत यायचं नाही,' असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग तिने गाडी विकली आणि कार्लाला सांगितलं, थंडीत सुरूच होत नव्हती मेली. डोळ्यांचं कळलं असतं तर कार्ला तिला त्याच दिवशी उचलून मिनियापोलिसच्या त्या वृद्धनिवासात घेऊन गेली असती. तिथल्या खिडकीतून तळं दिसतं म्हणे. आयलीला तळ्याचं काय कौतुक?

या घरात मात्र तिचं काहीही अडत नव्हतं. डावीकडून पहिल्या दारात पीठ नि साखर, दुसऱ्यात बशा, तिसऱ्यात कप. हात आपोआप जायचा. कपाटांची जागा बदलली असती तर ती स्वतःच्याच घरात चाचपडत बसली असती. दारांचा नमुनासुद्धा तिने बोटं फिरवूनच निवडला होता, आणि डेल म्हणाला होता, "तुमची पसंती मानली बुवा!" तेव्हा ती मनातल्या मनात खूप हसली होती.

शनिवारी दुपारी काम संपलं. कार्लाही आली. दारातूनच म्हणाली, "अय्या, काय सुंदर झालंय गं!"

"मग? मी सांगत नव्हते?" आयलीची मान ताठ झाली. "बसा दोघं. कॉफी तयार आहे, वेलचीचा पावही केलाय."

बोलता बोलता ती तिसऱ्या दाराशी गेली. त्याची मूठ खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे हात गेला, पण मूठ नव्हती. बोटांना नुसतं गुळगुळीत लाकूड लागत होतं.

"शेजारची हेल्मी म्हणत होती, यंदा तलाव लवकर गोठणार..." आयली बोलत राहिली. बोटं वर गेली, खाली आली. शेवटी तिने कोंबडीसारखी मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कडेने शोधायला लागली.

"आई, मूठ उजवीकडे आहे. समोर तर आहे तुझ्या."

"अरे हो, सांगायचंच राहिलं," डेल खुशीत म्हणाला. "ते दार उघडलं की खिडकी झाकली जायची, म्हणून मी त्याची बाजू बदलली. आता कसा छान उजेड येतो बघा!"

कार्ला आईच्या वाकड्या मानेकडे बघत होती. गाडी, न वाचलेली पत्रं, वाढदिवसाला फोटो पाठवला तेव्हा आलेलं 'छान आहे' एवढंच उत्तर, सगळं तिला आत्ता समजत होतं.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

आयलीने थाप मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती खुर्चीला धरून ताठ उभी राहिली.

"दोन वर्षं. मधलं दिसत नाही. तुझा चेहरासुद्धा दिसत नाही, कार्ला, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण या खोलीत मी आंधळी नाहीये. दुसरीकडे नेलंस तर होईन."

कार्लाचे डोळे भरून आले. नकाशांची सुरळी अजून तिच्या पिशवीतून डोकावत होती. मग ती डेलकडे वळली.

"ते दार पहिल्यासारखं करून द्याल?"

"करीन की. उलटं फिरवलं की झालं," डेल खजील होऊन म्हणाला. "पण मुठीचं हे भोक वरच्या कोपऱ्यात जाईल आणि कायमचं दिसत राहील. नवंकोरं दार आहे हो."

"दिसू दे. मी बघेन ते, येईन तेव्हा."

डेलने दार उतरवून फिरवलं, डाव्या कोपऱ्यात खाली नवं भोक पाडलं, मूठ बसवली. आयलीने हात लांब केला. दार उघडलं. तिने तीन कप काढले, ओळीने मांडले, कॉफीचं भांडं उचललं. कार्ला मदतीला अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली.

आयलीने कपाच्या काठावर आतून बोट टेकवलं आणि कॉफी ओतायला लागली. बोटाला चटका बसला तशी ती थांबली.

"घे," ती म्हणाली, "गरम आहे तोवर."