नियमांच्या पुस्तकाचा मधला हिस्सा

मी एक जुने पुस्तक आहे. खरे सांगायचे तर पुस्तकाचा मधला हिस्सा आहे. मला पहिले पान नाही आणि शेवटचेही नाही. माझी सुरुवातच 'करू नये' या दोन शब्दांनी होते. काय करू नये, ते माझ्या आधीच्या हिश्श्यात छापलेले आहे, आणि तो हिस्सा पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत राहतो. मित्रांनो, अशा अर्धवट अंगानेही माणसांच्या उपयोगी पडता येते. ते कसे, एवढेच सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. गोष्टी किंवा कविता माझ्या नशिबी नव्हत्या. कोणत्या कामाला किती जाडीची वायर घ्यावी, मीटर किती उंचीवर बसवावा, गळलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगचा पाईप किती खोल पुरावा, असे वायरमन लोकांसाठीचे नियम माझ्यात होते. हौसेने मला कोणी उघडत नसे. पण एकदा का काम अडले, की माझ्या पानांवर बोटांचे काळे ठसे उमटायला वेळ लागत नसे.

साधारण चौऱ्याण्णव साली महाडच्या एका दुकानातून तिघांनी मिळून मला विकत घेतले. येसाजी वाडीतला, म्हशी राखत राखत वायरमन झालेला. मुराद वीर गावचा, तिथल्या स्टेशनाजवळ त्याचे विजेच्या सामानाचे छोटे दुकान. विनोद औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दुरुस्तीखात्यात. तिघांची ओळख वायरमनच्या परीक्षेत झाली होती. दुकानात माझी एकच प्रत होती, आणि हवी मात्र तिघांनाही. मग मी पाळीपाळीने तिघांकडे राहू लागलो. आता गंमत बघा, ज्याला मी हवा असे, त्याच्याकडे मी कधीच नसे. येसाजी वाडीवरून उतरून वीरला यावा, तर मी विनोदबरोबर कारखान्यात गेलेलो.

शेवटी एक दिवस येसाजी कावला. "हे पुस्तक हाय का पाहुणा?" असे त्याने विचारले. मुरादने मला फळीवर ठेवले आणि लोखंड कापायच्या हॅकसॉचे पाते घेऊन माझे सरळ तीन तुकडे केले. दुखले का, असे विचाराल. पुस्तकाला दुखत नाही. मात्र शिवण सुटली की पाने सैरावैरा होतात, हे अनुभवाने सांगतो. मुरादची बायको हफिजा हिने तिन्ही हिस्से जाड दोऱ्याने शिवून दिले. तिच्या भावाने कुवेतहून पाठवलेल्या पडद्याच्या कापडातला एक तुकडा उरला होता, त्याचे कव्हर तिने मला केले. तेव्हापासून आम्हा तिघांत माझाच थाट मोठा.

वायरिंगचा पहिला हिस्सा येसाजीकडे गेला. मोटरींचा शेवटचा हिस्सा विनोदला मिळाला. अर्थिंग आणि तपासणीची पाने घेऊन मी मुरादकडे राहिलो.

या कापाकापीचा एक परिणाम झाला, जो तिघांपैकी कोणाच्याच मनात नव्हता. कोणाचेही काम एकट्याने पुरे होईना. येसाजीला अर्थिंग करायचे झाले की वीरला यावे लागे, मुरादला घरातली वायरिंग करायची झाली की वाडी चढावी लागे. येणारा नुसता पान बघून कसा जाईल? चहा होई, कामाची चौकशी होई, "तिथं स्विच उंच घे" असा सल्ला न मागता मिळे. एकमेकांच्या चुका त्यांनी अशाच कितीतरी वेळा पकडल्या. त्या दहा वर्षांत माझे कोपरे झिजले. ते दिवस मला फार आवडले, हे कबूल करायला लाज कसली?

मग सीडी आली. पुण्याला गेलेल्या विनोदने ती आणली. माझीच नवी आवृत्ती, सगळीच्या सगळी, एका चकतीवर. त्याने येसाजी आणि मुरादलाही एकेक करून दिली. घरी संगणक कोणाकडेच नव्हता, पण महाडात एस.टी. स्टँडजवळ संगणकाचे दुकान निघाले होते. तिथे सीडी द्यायची, हवा तो शब्द सांगायचा, पोऱ्या पान काढून छापून देई. सोय मोठीच होती. मी तिच्यावर जळलो असे कोणाला वाटेल, पण मला खरोखर तसे वाटले नाही. वाईट एवढेच वाटले, की वीरला येण्याचे येसाजीला काही कारण उरले नाही. मी मुरादच्या कोनाड्यात पडून राहिलो. माझ्यावर आधी बिलांचा गठ्ठा आला, मग हफिजाची अडकित्त्याची पेटी.

एका पावसाळ्यात येसाजीने वाडीच्या विहिरीवर पंप बसवला. वाडीतले सर्वांत मोठे काम ते, आणि त्याने ते मुरादला न विचारता एकट्याने केले. ही बातमी मुरादला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळली. तो घरी आला, हातपाय धुतले आणि हफिजाला म्हणाला, "येसाजीला आता आपली गरज नाय." त्यानंतर त्याने येसाजीचा विषय काढला नाही.

वाडीत पाणी आले, लोखंडी नळाखाली जनावरांसाठी हौद झाला. सगळे खूश होते. पुढच्या चैत्रात मात्र म्हशींनी हौदाला तोंड लावणे बंद केले. जवळ जायच्या, पाण्याला नाक टेकवायच्या आणि झटक्याने मागे सरायच्या. वाडीने ठरवले की जनावरांना दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, देवाला नारळ झाला. येसाजीची बायको सगुणाबाई हिने मात्र एक पाहिले होते. तीच म्हैस घरी बादलीतले पाणी घटाघटा पीत होती. मग तिने ओल्या हाताने नळ धरून पाहिला, तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

ती बाजाराचे निमित्त करून निघाली आणि थेट वीरला आली. हफिजाने दिलेले पाणीही तिने आधी बाजूला ठेवले.

"मुरादभाऊ, ह्ये यायचं नायत. त्यांना लाज वाटते," ती म्हणाली. "पण नळाला करंट येतोय, आणि पोरं उघड्या पायांनी हौदावर चढतात. म्हशीला कळलं, पोरांना कळायचं नाय."

राग मुरादच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. त्याने पंप बंद ठेवण्याचा निरोप पोलादपूरला जाणाऱ्या रिक्षावाल्याबरोबर पुढे पाठवला, अडकित्त्याची पेटी उचलली, मला पिशवीत टाकले आणि सगुणाबाईबरोबर निघाला.

येसाजी विहिरीजवळ उभा होता. निरोप मिळाल्यावर त्याने पंप बंद केला होता. मुरादला पाहून त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पुढे केला. सीडीवरून छापून घेतलेले अर्थिंगचे पान होते ते. पाईपची लांबी, कोळसा, मीठ, सगळे त्याने त्या पानाबरहुकूम केले होते. त्यात खोट नव्हती. मुरादने मला उघडले, तेच पान काढले आणि उलटले. पाठीमागे लिहिले होते, की कातळ असलेल्या जागी तिथेच खड्डा करू नये. कायम ओल राहील अशी जागा शोधून अर्थिंग तिथे करावे आणि लोखंडी पट्टीने जोडून घ्यावे. पावसाळ्यात विहिरीजवळचा कातळ भिजलेला होता, म्हणून सगळे ठीक चालले. उन्हाने तो वाळला, अर्थिंग नावापुरते उरले आणि मोटरीतून गळणारी वीज नळात येऊ लागली. सीडीचा यात काही दोष नाही, मित्रांनो. ते पुढचे पान तिच्यातही होतेच. येसाजीने अर्थिंगचे पान मागितले, पोऱ्याने एक पान दिले.

"मी पुढं बघितलंच नाय," येसाजी म्हणाला.

मुराद त्याला चार शब्द सुनावेल असे मला वाटले होते. पण त्याने सगुणाबाईकडे वळून विचारले, "वहिनी, वाडीत अळू कुठं उगवतो? उन्हाळ्यातही हिरवा राहतो तो?"

तिने हौदाच्या खालच्या अंगाला, सांडपाणी मुरते ती जागा दाखवली. दोघांनी तिथे खणले, नवा पाईप पुरला, पट्टी वर पंपापर्यंत नेली. मोटरीच्या वायरीचा एक सांधा ओल धरून होता, वीज तिथूनच गळत होती; तोही नवा केला. खणण्याआधी दिवा जोडून जुने अर्थिंग तपासले तेव्हा तो नुसता मिणमिणला होता. नव्यावर लख्ख पेटला. पंप सुरू झाला. मुरादने आधी नळ स्वतः धरून पाहिला, मग म्हैस सोडली. ती हौदाशी आली, थबकली, आणि मग तिने मान खाली घातली ती बराच वेळ वर काढली नाही. सगुणाबाई तिथेच दगडावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

निघताना मुरादने मला येसाजीपुढे धरले. "ह्यो तुझ्याकडंच राहू दे. कातळावर तुलाच जास्त लागंल."

येसाजीने हात धोतराला पुसून मला घेतले. दोनचार पाने उलटली आणि परत मुरादच्या पिशवीत ठेवले.

"नको," तो म्हणाला. "ह्यो हितं राहिला तर मी वीरला कशाला येऊ?"

आता माझ्यातले काही आकडे जुने झाले आहेत. नवे आकडे विनोद सीडीवर बघून कळवतो आणि मुराद पेन्सिलीने माझ्या समासात लिहितो. म्हणून मित्रांनो, तुम्ही कागदावर वाचा, नाहीतर पडद्यावर वाचा. पण पान संपले म्हणजे नियम संपला असे समजू नका. आणि पुढचे पान ज्याच्याकडे आहे, त्याच्या दारात जायला लाजू नका. पुस्तकाची निगा कव्हर घालून होते, हे खरे. पण कोणी मागायला आले, की ती जास्त होते.

मागच्या आठवड्यात येसाजी येऊन गेला. काम काहीच नव्हते. त्याने मला कोनाड्यातून मागून घेतले, चहा होईपर्यंत मांडीवर ठेवले आणि न उघडताच परत देऊन गेला.