खांद्यावरचा डाग

घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यात त्या होळीला देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. देवीचा चांदीचा मुकुट कुणी चोरला, ते आज कळणार होतं. १९५७च्या दिवाळीत बाहेरून आलेल्या एका महाराजानं संशयितांना तापल्या सळईचे डाग दिले होते.

"भाइयो, सच्च्याचा डाग विरते! चोराच्या डागातून देवी वर येते!" महाराज गरजला.

त्यानं संशयितांपैकी रुपीबाईची ओढणी खांद्यावरून सारली. डाग करंगळीएवढा जाड, लालभडक फुगला होता. तिच्या नवऱ्याच्या, भावसिंगच्या हातावर मात्र आतल्या बाजूला फिकट रेघ तेवढी उरली होती. लोक "जय देवी" ओरडले.

"कबूल कर न् रुपी," भावसिंग मायेनं म्हणाला. "मी नायकाच्या पाया पडतो तुह्यासाठी."

डाग फुगत गेला तशी आपणच झोपेत चोरी केली की काय, अशीही शंका रुपीबाईला येऊन गेली होती. पण गेल्या बाजारी तिनं घाटंजीच्या डॉक्टरीणबाईंना खांदा दाखवला. त्या म्हणाल्या, "हात हलला की खांद्यावरची कातडी ताणली जाते. भरत्या जखमेला सारखी ओढ बसली, की शरीर तिथं जादा धागे विणतं आणि डाग जाड होतो. काहींना हे जास्त होतं, पण खांदा आणि छाती या जागाच वाईट."

रुपीबाई तांड्याच्या प्रमुखाकडे, नायक डोंगरसिंगकडे वळली. "माहा नवरा सच्चा हाये न्? मंग त्याले बी खांद्यावरच डाग द्या. देवी काय जागा पाहून बोलते?"

"बरोबर हाये," नायक म्हणाला. "तापवा सळई."

महाराज चाचरला. भावसिंग खांदा झाकत मागं सरला. "खांद्यावर नाही! तिथं फुगते!"

"तुमाले कसं माहीत?" रुपीबाईनं विचारलं.

नायकानं इतरांचेही डाग उघडून पाहिले. खांद्यावरचे बहुतेक फुगलेले, हातावरचे सपाट! झडतीत मुकुट भावसिंगच्याच कापसाच्या ढिगात निघाला. दोघांचं आधीच ठरलं होतं: कुणाला कुठं डागायचं ते महाराजानं ठरवायचं, मुकुटात वाटा निम्मा.

"महाराज तं परका होता," रुपीबाई नवऱ्याला म्हणाली. "पण डागतानी माहा हात तुमीच धरून ठेवला होता. मले वाटलं, धीर देऊन राह्यले."

ती भावाच्या घरी निघून गेली. डाग गेला नाही.

चोर शोधायचा तर झडती घ्या, साक्षीदारांना विचारा. कातडीला पापपुण्य कळत नाही, फक्त ताण कळतो. सळई हातात घेणाऱ्याला आधी विचारा: हीच जागा कायले?