दोन दाढांमधला बेडूक

कामावर तिला सगळे दाढवाली म्हणत. कृत्रिम दात तयार करणाऱ्या त्या जागेच्या दारावर प्रयोगशाळा अशी पाटी होती, पण प्रयोग तिथे कुणी करत नसे. दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे येत आणि त्यांवर ती मेणाच्या दाढा कोरत असे, नऊ ते सहा, दिवसाला अठरा-वीस. दाढ कोरून झाली की तिला मेणाची एक बारीक काडी चिकटवायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. पुढचं काम भट्टीवाल्या काकांचं. ते दाढ लोखंडी कड्यात त्या काडीवर उभी करत, भोवती पांढरा गारा ओतत आणि तो घट्ट झाला की कडं भट्टीत ढकलत. मेण जळून जाई, आत दाढेच्या आकाराची पोकळी उरे आणि काडीच्या वाटेने तिच्यात वितळलेला धातू शिरे. काडी असेल ते भट्टीत जाणार, नसेल ते ट्रेमध्ये राहणार, इतका साधा कायदा होता.

नऊ वर्षांत तिने हजारो दाढा केल्या आणि एकही कुणाच्या तोंडात पाहिली नाही. याचं तिला वाईट वाटे असं नाही. वाईट वाटायलाही जरा निवांतपणा लागतो. घरी दोन मुली होत्या, थोरली नऊची आणि धाकटी पाचची. शिवाय लिफ्ट दुरुस्त करणारा, फोन आला की ताटावरून उठून जाणारा नवरा.

पॉडकास्ट तिने शोधला नाही. धाकटीला झोपवताना थोरलीने फोनवर राक्षसाची गोष्ट लावली होती. राक्षस मेल्यावर फोन आपल्या मर्जीने पुढे भटकला. सकाळी कामाच्या टेबलाशी बसून तिने एका कानात इअरफोन घातला, तर एक बाई बोलत होती: ‘पाव तास आपला’, वेळ नसलेल्या आयांसाठी. दाढवालीने बंद करायला बोट उचललं. फुकटचे सल्ले देणाऱ्या बायांचा तिला मनापासून कंटाळा होता. तेवढ्यात त्या बाईच्या मागून एक पोर खच्चून ओरडलं, “आईऽ, झाली!” बाई म्हणाली, “एक मिनिट हं,” आणि खरोखरच निघून गेली. नळ वाहिला, कुणीतरी कुणालातरी हात धू म्हणालं. बाई परत आली आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलू लागली.

दाढवालीने बोट खाली घेतलं.

बाईचं म्हणणं थोडक्यात असं होतं: रोज पाव तास काहीतरी बिनकामाचं बनवा. चांगलं नाही झालं तरी चालेल, पण आपलं आपल्याजवळ ठेवा, निदान आठवडाभर. “आपण केलेली वस्तू घरात आठवडाभर आपली म्हणून राहते का, एवढंच बघा,” ती म्हणाली. दाढवालीला हे पोरकट वाटलं. जेवणाच्या सुट्टीत तिने मेणाचा एक तुकडा घेतलाच.

हाताला दाढेशिवाय काही येत नव्हतं. पहिल्या पक्ष्याच्या पाठीवर चार उंचवटे आणि मधे खाच आली. कुणी तो चावायला घेतला असता तर सोयीचा पडला असता. चौथ्या दिवशी पक्षी पक्ष्यासारखा झाला आणि ती तो घरी घेऊन गेली. धाकटीने हातात घेतला. “घे ना,” दाढवाली म्हणाली. रात्रीपर्यंत त्याचा गोळा झाला होता. मग मासा. थोरलीच्या दप्तराची चेन अडकली होती, नवऱ्याने मासा चेनवर घासला आणि चेन सुरळीत झाली. “भारी चीज आहे, अजून आण,” तो खुशीत म्हणाला. घोडा थोरलीने शाळेत आपण केला म्हणून दाखवला आणि शाबासकी घेऊन आली. तेव्हाही दाढवाली म्हणाली होती, “ने ना.” कुणी तिच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं. तीच देत होती, मागायच्या आधी. हे लक्षात आलं तेव्हा तिला घरच्यांचा नाही, स्वतःचा राग आला. एक वस्तू एक आठवडा ठेवता येऊ नये म्हणजे काय?

घोड्यानंतरची वस्तू बेडूक होती. तो साधला. बसलेला, गलेलठ्ठ, जेवण अंगावर आल्यासारखा. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं. तेवढ्यात सुट्टी संपली, समोर दाढा होत्या आणि ती कामाला लागली.

पाचला तिने ड्रॉवर उघडला तर बेडूक नव्हता. टेबलाखाली नव्हता, मेणाच्या डब्यात नव्हता. मग तिला आठवलं. हसता हसता तिच्या हाताने बेडकाच्या बुडाला काडी चिकटवली होती आणि त्याला ट्रेमध्ये ठेवलं होतं. नऊ वर्षं एखादी वस्तू पूर्ण झाली की हात हेच करत आला होता, त्याला विचारायची सवय नव्हती.

ती काकांकडे धावली. काका भट्टीच्या काचेतून आत बघत होते.

“काका, ट्रेमध्ये काही वेगळं होतं का?”

“मी कुठे बघतो? काडी दिसली की कड्यात घालतो.”

“ते कडं?”

“भट्टीत. आता कसलं निघतंय, सकाळीच फोडू.”

मेण तर गेलंच होतं. आता पोकळीत धातू नीट शिरतो की नाही एवढंच उरलं होतं. घरी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि नवऱ्याने पाणी पीत जेवण संपवलं.

सकाळी ती काकांच्या आधी हजर होती. काकांनी गारा फोडला. दोन दाढा निघाल्या आणि त्यांच्या मधे, काळपट, खरबरीत, पण पूर्ण, बेडूक बसला होता.

काकांनी चिमट्याने तो उचलून दिव्याखाली धरला. “हा कुठल्या डॉक्टरचा?”

“डॉक्टरचा नाही. माझा आहे.”

“नंबर नसलेला माल मी बाहेर पाठवत नाही. वितळवून टाकतो. नियम आहे.”

“कुठे पाठवायचाच नाहीये तो, काका.”

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “काम काय याचं?”

“काही नाही.”

त्यांनी बेडूक फिरवून खालून-वरून बघितला. “पाय बरे जमलेत,” ते म्हणाले. “धातूच्या बदल्यात आज दोन दाढा जास्त करून दे.” त्यांनी काडीचा दांडा कापला आणि बेडूक तिच्या तळहातावर ठेवला. सुट्टीत तिने त्याला घासून चकाकी आणली.

संध्याकाळी तिने बेडूक टेबलावर ठेवला आणि ती हात धुवायला वळली. परत वळेपर्यंत तो धाकटीच्या मुठीत गेलाच होता.

“किती जड आहे! माझ्यासाठी आणलास?”

‘हो’ तिच्या ओठांवर तयारच होतं. थोरली वहीतून मान वर करून बघत होती. नवरा दारात बूट काढत होता, तोही थांबला. त्या पॉडकास्टवाल्या बाईने सगळं सांगितलं होतं, पण या घडीला तोंडातून काय काढायचं ते सांगितलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “माझ्यासाठी केलाय.”

धाकटीला वाटलं गंमत आहे. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा खालचा ओठ पुढे आला. तरीही दाढवालीने ओला हात पुढे केला.

“बघ हवा तेवढा वेळ. मग परत दे.”

धाकटीने डोळे पुसले आणि बेडकाला टेबलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उड्या मारायला लावल्या. मग येऊन तो आईच्या हातात दिला.

“उद्या परत बघू देशील?”

“विचारलंस तर देईन.”