टायर गप्प होतात तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवी, चौकोनी गाडी आहे. मला जीप म्हणाल तर खऱ्या जीपला राग येईल, इतकी मी लहान. पण माझ्या चारही चाकांना ताकद मिळते. ही ताकद कशासाठी आहे, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

कारखान्यातून निघाले ती मी थेट सेंदाई शहरातल्या एका तरुणाकडे गेले. समुद्राकाठचं गाव; बर्फ पडलं तरी दुपारपर्यंत टिकत नसे. त्यानं मला रुंद, रुबाबदार टायर बसवले. समोरच्या पट्टीत भारी स्टिरिओ घातला. दर रविवारी मला आंघोळ असे, आणि चिखल मात्र मी कधी पाहिला नाही. लोक वळून बघत. मला ते आवडत असे, खोटं कशाला बोलू? पुढे त्याचं लग्न झालं, मोठी गाडी आली. मला विकताना त्यानं स्टिरिओ काढून घेतला. इवातेच्या डोंगरात कुमागाई नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजमागे मी उभी राहिले, तेव्हा माझ्या छातीत एक भोक होतं आणि त्यातून तारा लोंबत होत्या. चाकांभोवती गवत वाढलं.

तिथे मला सुमिए ओनोदेरानं पाहिलं आणि विकत घेतलं. ती खालच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिचे वडील गेन्जिरो वर कामिसावाच्या वस्तीत एकटे राहत. तरुणपणी ते लावणीच्या वेळची गाणी म्हणत. आता कान जवळजवळ गेले होते; बोलणाऱ्याचे ओठ बघून कळेल तेवढंच. धाकटा भाऊ हिदेमासा म्हणत होता की हिवाळ्याआधी बाबांना खाली वृद्धाश्रमात आणावं. त्याचं मन वाईट नव्हतं. तो घाबरला होता.

भांडण हित्त्सुमीच्या वाफाळत्या वाडग्यांवर झालं. हित्त्सुमी म्हणजे हातानं तोडून रश्श्यात सोडलेले कणकेचे तुकडे. ते मी ऐकलं, कारण तेव्हा मी बाबांच्या दाराशीच उभी होते.

"ठीक आहे ताई, तू वर जेवण नेशील, छपरावरचं बर्फ काढशील," हिदेमासा म्हणाला. "पण एकदा जरी वर पोचली नाहीस, तर बाबा खाली येणार. कबूल?"

"कबूल."

"बाबा, ऐकलंत ना?"

"मी याच घरातून जाणार," म्हातारा म्हणाला. "आणि अजून गेलेलो नाही. रस्सा वाढ."

दुसऱ्या दिवशी टायर निवडायला दोघं भावंडं गॅरेजमध्ये आली. माझे रुंद टायर उन्हाळी होते, थंडीत दगडासारखे होणारे. हिवाळ्याचे मऊ रबराचे टायर घ्यायचे हे नक्की होतं. वाद रुंदीवर पेटला.

"रुंदच घे," हिदेमासा म्हणाला. "बर्फात चालताना आपण पायाला कांजिकी बांधतो. ती रुंद असते की अरुंद? सांग!"

मित्रांनो, ही चूक फक्त बर्फाच्या मुलखातला माणूसच करू शकतो. कांजिकी हे वाकवलेल्या फांदीचं कडं. ते पायाला बांधलं की माणूस भुसभुशीत बर्फात रुतत नाही. हिदेमासा लहानपणापासून ती बांधत आला होता.

सुमिएनं माझ्या टायरवर हात ठेवला. "कांजिकी कशाला बांधतो आपण? बुडू नये म्हणून. गाडीला बुडायचंच असतं, हिदे. खालचा रस्ता दातांत धरायचा असतो. गेल्या वर्षी तुझी रुंद टायरांची गाडी देवळाच्या चढावर तरंगत मागे आली. विसरलास?"

"ते ब्रेकमुळे."

"ब्रेकमुळे!" कुमागाई हसले. "तुमचं ठरलं की हाक मारा, मी चहा पिऊन येतो."

अरुंद टायर बसले. मी आधीपेक्षा काडीपैलवान दिसू लागले, पण पहिल्याच जाड बर्फात चाकं खोल रुतली, खाली जमीन लागली, आणि मी चढले. चारही चाकांनी चढले. आपण कशासाठी आहोत हे त्या दिवशी मला कळलं.

छातीतलं भोक हिदेमासानं भरलं. बाबांना गाणी ऐकता यावीत म्हणून त्यानं नवा स्टिरिओ आणि घुमणारे स्पीकर आणले. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दारांत आणि पायाखालच्या पत्र्यावर जाड अस्तरही घातलं. मी आतून देवघरासारखी शांत झाले. म्हातारा दारावर तळवा टेकून गाण्याचा ठेका पकडू लागला. पण पहिल्याच दिवशी तो पुटपुटला, "गाडी मुकी केली." बहीणभाऊ हसले. बहिऱ्यानं गाडीला मुकी म्हणावं!

फेब्रुवारीत सुमिए त्यांना दवाखान्यातून वर परत नेत होती. गाणं चालू होतं. रस्ता ओला, काळा, स्वच्छ दिसत होता. देवळाखालच्या पुलावर माझी चारही चाकं एकदम पोरकी झाली. टायर कितीही चांगले असोत, आरशासारख्या बर्फावर वेग चालत नाही. मी आडवी घसरले आणि कडेच्या बर्फाच्या भिंतीत नाक खुपसून थांबले. कुणाला खरचटलंही नाही. रस्ता साफ करणाऱ्या यंत्रानं मला ओढून काढलं आणि आम्ही घरी पोचलो. बातमी मात्र आमच्या आधी हिदेमासाला पोचली. तो संध्याकाळीच वर आला.

"पोचली नाहीस ना, ताई?"

"पोचले. उशिरा."

"उद्या मी खोकी घेऊन येतो. सामान बांधायचं."

"मुकी केलीस तू तिला," म्हातारा मध्येच म्हणाला.

"बाबा, तुम्हाला ऐकू येतं कुठे?"

"कानानं नाही रे. बुडानं! ओल्या रस्त्यावर ही सूं करत जाते. ते सीटमधून वर येतं. पाण्याचं बर्फ झालं की सूं थांबते, ही श्वास धरते. आज श्वास धरलेला मला कळलाच नाही. तुझी गादी मध्ये आली."

सकाळी सुमिएनं माझ्या सीट काढल्या, दारांची आवरणं उतरवली आणि चपट्या उलथण्यानं ते अस्तर खरवडून काढायला बसली. बोटं सोलली. हिदेमासा रिकामी खोकी घेऊन आला, तेव्हा ती शेवटचा स्क्रू पिळत होती.

"तू सामान बांध," ती म्हणाली. "पण आधी माझ्याबरोबर एक फेरी मार."

आम्ही खाली जाऊन वळलो आणि पुन्हा चढू लागलो. टायरांची सूं आत भरून राहिली होती. देवळाची कमान दिसताच सुमिएनं गाणं बंद केलं. पूल आला, आणि मी गप्प झाले. एकदम. तिनं ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. वेग आपोआप उतरू दिला आणि मला मुंगीच्या पावलानं थांबवलं.

"काय झालं?" हिदेमासा म्हणाला. "रस्ता तर नुसता ओला आहे."

"उतरून बघ."

त्यानं दार उघडलं, ऐटीत एक पाय टेकला, दुसरा टेकायच्या आत पाठीवर पडला आणि अर्धा माझ्या पोटाखाली सरकला. बराच वेळ तो तिथेच आडवा होता. मग खालून आवाज आला, "ताई, हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? गाडी हसतेय."

धरून धरून तो आत चढला. पूल आम्ही रांगत ओलांडला. पलीकडे चाकांची सूं परत आली, तेव्हा त्यानं श्वास सोडला. "बाबांना एवढं सगळं बुडानं कळतं?" तो म्हणाला.

संध्याकाळी ती खोकी माझ्यातूनच खाली आली. भरलेली होती. म्हाताऱ्यानं त्यांत मुळ्याची लोणची कोंबून दिली होती.

गेन्जिरो त्यानंतर काही हिवाळे जगले आणि त्याच घरातून गेले, बर्फ वितळून ओढा बोलू लागला होता तेव्हा. मीही आता थकले आहे. पत्रा खालून गंजला आहे. कुमागाई म्हणतात, सुटे भाग करून विका. सुमिए अजून दर शरदात खाली बसते आणि अंगठ्यानं माझ्या टायरचं रबर दाबून बघते. कडक लागलं तर बदलते.

मित्रांनो, तुमच्याकडे बर्फ नसेल. पण सायकल असेल, शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल. आम्ही यंत्रं रडत नाही. आमचा फक्त आवाज बदलतो. तेवढ्याकडे लक्ष असू द्या. गाणी लावा, जरूर लावा, मलाही आवडतात. पूल आला की मात्र बंद करा.