डब्यावर न ठेवलेली बग्गी

मी एक जुनी बग्गी आहे, मित्रांनो. बग्गी म्हटल्यावर तुम्हाला वरातीतले पांढरे घोडे आठवले असतील. तसलं थाटाचं नशीब माझं नाही. मी हातभर लांबीची, दीड किलो वजनाची, रिमोटवर धावणारी शर्यतीची गाडी. मोटारीचा जोर माझ्या फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. पुढची दोन नुसती वळतात. मला कुणी खेळणं म्हटलं की पूर्वी राग यायचा. आता वाटतं, खेळणंच असते तर बरं झालं असतं.

वणीला कोळशाचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये संघदीप नावाचा फिटर आहे. त्याने मला घडवलं. भंगारात आलेल्या बसच्या फरशीतून ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्याने माझा तळ केला. त्या पत्र्यावरची उठावाची नक्षी कानशीने घासायला त्याला आठवडाभराच्या जेवणाच्या सुट्ट्या लागल्या. चाकं धरणारे हात नायलॉनच्या कांबीतून कोरले. धक्के झेलणाऱ्या शॉकमधलं तेल तर किती वेळा बदललं! मला गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडायचा. मी पुन्हा उसळले की तेल जाड करायचं, दगडासारखी आपटले की पातळ. एकदाच दबून शांत बसले, तेव्हा कुठे स्वारी हसली.

गावाबाहेरच्या मैदानात काळी माती आणि तिच्यात कोळशाची धूळ. अशा भुसभुशीत जमिनीवर मागची चाकं नुसतीच फिरतात, पुढे सरकत नाहीत. म्हणून संघदीपने माझी मोटार मागच्या आसाच्याही मागे बसवली. वजन मागे पडलं आणि चाकांनी माती धरली.

बनवायचं संघदीपने आणि चालवायचं रोशनने, असं दोघांचं ठरलेलं होतं. रोशन त्याचा शाळेपासूनचा दोस्त, ट्रकवर ड्रायव्हर. बोट मोठं हलकं, पण डोकं गरम. रोशनची धाकटी बहीण वैष्णवी रोज पहाटे त्याच मैदानात धावायची, पोलीस भरतीसाठी. रविवारी तिथे अशा गाड्यांच्या शर्यती व्हायच्या, तेव्हा ती वळणावर उभी राहायची आणि उलटलेल्या गाड्या पटापट सरळ करून द्यायची. चंद्रपूरहून येणारे लोकही म्हणायचे, वळणावर वैष्णवी असेल तर गाडी उलटण्याची भीती नाही.

मैदानात उतरण्याआधी संघदीपचा एक नेम होता. तेलाचा रिकामा डबा पालथा घालायचा, त्यावर मला ठेवायचं, चाकं हवेत. रोशनने थोडा वेग द्यायचा आणि मग संघदीपने रिमोटच बंद करायचा. त्यासरशी चाकं थांबली पाहिजेत. रिमोटचा संपर्क तुटला तर काय करायचं, ते माझ्या आतल्या छोट्या रिसीव्हरला आधीच शिकवून ठेवलेलं असतं. मला शिकवलं होतं, ब्रेक लाव. लोक हसायचे. "पूजा झाली का डब्याची?" असं विचारायचे. संघदीप कानावरची माशी उडवावी तसं ते उडवून लावायचा.

त्या दिवसांत मी तीन शर्यती जिंकले. मला 'काळी' म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला फार आवडायचं ते.

मग नागपूरच्या शर्यतीचं ठरलं. तिथली जमीन पाणी मारून, दाबून टणक केलेली. असल्या जमिनीवर मागे वजन असलं की नाक हलकं होतं आणि गाडी वळताना रुसते. संघदीपने मला पूर्ण उघडलं आणि मोटार आसाच्या पुढे, मध्यभागी आणली. त्या अडचणीत जुना कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज सोडणारी डबी, मावेना. त्याने लहान, नवा बसवला. पण नव्याचा कारभार उलटा. रिमोटचा ट्रिगर, म्हणजे बोटाने वेग द्यायचा खटका, ओढला की ब्रेक आणि ढकलला की वेग! त्यावर उपाय सोपा होता. संघदीपने रिमोटमध्ये दिशा फिरवली आणि सगळं सुरळीत चालू लागलं.

रिसीव्हरला मात्र कुणी काही सांगितलं नाही. संपर्क तुटल्यावर द्यायचा त्याचा इशारा जुनाच राहिला. जुन्या कंट्रोलरला जो ब्रेकचा इशारा होता, तो नव्याला पूर्ण वेगाचा होता.

डब्यावर ठेवलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण नागपूरला जाण्याआधीच्या रविवारी सकाळी, आमच्याच मैदानात उतरताना, मोटार बसवता बसवता उशीर झाला होता, चंद्रपूरचे लोक खोळंबले होते.

"अबे, डबा राह्यला," रोशन म्हणाला.

"गेल्या रविवारी तं पाह्यलं," संघदीप म्हणाला. "टाक खाली. लोकं थांबून राह्यले."

तिसऱ्या फेरीत रिमोटमधले सेल उतरले. त्यावरचा दिवा गेला. रोशन ओरडला, "रिमोट बंद पडला!" पुढे वळण होतं. वैष्णवी खाली वाकून दुसऱ्याची गाडी सरळ करत होती. मित्रांनो, मला डोळे नाहीत, पण ती मला दिसली असं अजून वाटतं. मी वळले नाही. थांबले तर नाहीच. होता नव्हता तेवढा जोर मी चाकांत ओतला आणि तिच्या घोट्यावर जाऊन आदळले.

हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

संघदीपने रोशनच्या हातातून रिमोट ओढला, बटण दाबलं. थकलेले सेल घटकाभर पुन्हा जागे होतात, तसे झाले आणि दिवा लागला. "चालू तं आहे हा!" संघदीप सगळ्यांसमोर किंचाळला. "तूनं बोटच नाही सोडलं! तुले वेगच पाह्यजे नेहमी!"

"सोडलं होतं रे! माय शपथ, सोडलं होतं!"

कुणाचाच विश्वास बसला नाही. वैष्णवीचाही नाही. तिच्या घोट्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. तीन आठवड्यांवर भरतीची मैदानी चाचणी होती. ती हुकली, आणि पुढच्या वर्षीचीही हुकली, कारण पाय पळण्याजोगा राहिलाच नाही. रोशनने ट्रक सोडला, घर सोडलं आणि उमरखेडला एका टायरच्या दुकानात कामाला लागला. मी रिमोटसकट पोत्यात गेले. दोन वर्षं वर्कशॉपच्या फळीवर पडून होते. उंदरांनी टायर कुरतडले, स्क्रू गंजले. मला वाईट वाटलं नाही. माझी तीच लायकी होती.

गेल्या महिन्यात चंद्रपूरच्या एकाने माझी मोटार मागितली. संघदीपने मला खाली काढलं. मोटार चालते का पाहायला मला भरलेली बॅटरी जोडली, रिमोटमध्ये नवे सेल घातले आणि हाताच्या सवयीने मला डब्यावर ठेवलं. थोडा वेग दिला. सवयीनेच रिमोट बंद केला.

माझी चाकं किंचाळत सुटली.

त्याने बॅटरी उपटली. पुन्हा जोडली, पुन्हा तेच केलं. चार वेळा. मग तो डब्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. आतून मालकाने दोन हाका मारल्या तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने तो मला उमरखेडला घेऊन गेला. रोशनच्या समोर एका टायरवर मला पालथं घातलं आणि रिमोट त्याच्या हातात दिला. "थोडा वेग दे," म्हणाला, "अन् बटण बंद कर."

रोशनने बंद केलं. चाकं सुटली.

"दोन साल झाले," तो म्हणाला, "मी या बोटाले इचारून राह्यलो, तूनं सोडलं होतं का नाही. आता आता मलेच वाटाले लागलं होतं का नसन सोडलं."

संघदीप माफी मागू लागला. रोशनने त्याला पुरतं बोलू दिलं नाही. "वैष्णवीले सांगितलं?"

"नाही."

"मंग माह्याकडं कायले आला? पह्यले तिले सांग." आणि तो पुन्हा टायरला भिडला.

वैष्णवी वणीला घरीच शिकवण्या घेते. संघदीपने तिच्या ओट्यावर मला ठेवलं, तेच सगळं पुन्हा करून दाखवलं आणि मान खाली घालून उभा राहिला. ती लंगडत आत गेली, फोन आणला, भावाला लावला. त्याने उचलला.

"दादा," ती म्हणाली, "तूनं सोडलं होतं."

ती फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. संघदीप मला तिथेच विसरून निघून गेला.

तेव्हापासून मी तिच्या ओट्याच्या कोपऱ्यात आहे. रोशन अजून घरी आलेला नाही. थंडी पडली की वैष्णवी घोटा चोळत बसते. तिच्या आतही माझ्यासारखेच स्क्रू आहेत.

मित्रांनो, तुम्ही गाडी बनवा, पळवा, जिंका. पण तिच्यात एक तार जरी बदललीत, तरी तिला आधी डब्यावर ठेवा. चाकं हवेत धरा, रिमोट बंद करा आणि बघा. दोन मिनिटं लागतात. आणि समोरचा माणूस शपथ घेऊन सांगत असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी गाडी उचलून एकदा बघा.